चपळ मोटार आणि संसारी मोटार

मोटारींच्या जाहिरातींत हल्लीं एक आंकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. गाडी उभी असतां निघून ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठावयास तिला किती सेकंद लागतात, हें तो आंकडा सांगतो. एका गाडीपुढें साडेसहा-सात सेकंद लिहिलेले असतात. दुसरीच्या बाबतींत त्याचा उच्चारहि न करतां, एका लिटरांत ती किती किलोमीटर जाते एवढेंच छापलेलें असतें. घोडबंदर रस्त्यावरील नव्या इमारतींत काय किंवा डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांत काय, ज्या घरीं मोटार घेण्याचा विचार चालू असतो, त्या घरीं या दोन आंकड्यांवरून बापलेकांत वाद होतो. मुलगा म्हणतो, गाडीला चपळाई हवी. वडील विचारतात, चपळाई घेऊन जावयाचें कोठें, शीळफाट्यापर्यंत? वाद विनोदानें सुरू होतो खरा, परंतु प्रश्न विनोदाचा नाहीं. घराची कित्येक वर्षांची शिल्लक आणि रस्त्यावरच्या माणसांचे जीव, दोन्ही त्यांत गुंतलेलीं आहेत. म्हणून या आंकड्याचा अर्थ एकदां नीट उकलून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम वेग आणि प्रवेग यांतील भेद. एका सेकंदांत किंवा एका तासांत किती अंतर कापलें जातें, त्याचें माप म्हणजे वेग. तो वेग दर सेकंदाला कितीनें वाढतो, त्याचें माप म्हणजे प्रवेग. दोन कारकुनांचा पगार आज सारखाच असूं शकतो. परंतु एकाची वार्षिक वेतनवाढ दुसऱ्याच्या दुप्पट असली, तर थोड्याच वर्षांत दोघांच्या परिस्थितींत अंतर पडतें. पगार हा वेग. वेतनवाढ हा प्रवेग. ताशीं १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें २८ मीटर. हा वेग एखाद्या गाडीनें साडेसहा सेकंदांत गांठला, तर तिचा वेग दर सेकंदाला सरासरी चार मीटरांहून थोडा अधिक वाढला. दुसरीनें तोच वेग १३ सेकंदांत गांठला, तर तिचा वेग दर सेकंदाला दोन मीटरांनीं वाढला. वरून सोडलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला सुमारें पावणेदहा मीटरांनीं वाढतो. म्हणजे चपळ गाडींत बसलेल्या माणसाची पाठ आसनावर ज्या जोरानें दाबली जाते, तो त्याच्या स्वतःच्या वजनाच्या चार-दशांशांहून अधिक असतो. गाडीचा प्रवेग आरंभीं पुष्कळ असतो आणि वेग वाढत जाईल तसा तो घटतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. वर दिलेले आंकडे सरासरीचे आहेत.

आतां या दोन जातींच्या गाड्या म्हणजे कोणत्या? चार दारें, पांच माणसांची जागा, डोक्यावर पक्कें छप्पर आणि मागें सामानाचा कप्पा, अशी गाडी ती सलून. तिचें रूप तसेंच ठेवून तिला अधिक जोराचें एंजिन, ताठ स्प्रिंगा, रुंद टायर आणि मोठे ब्रेक दिले, कीं ती झाली स्पोर्ट्स सलून. भारतांत २०२० सालीं स्कोडा कंपनीनें ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ या नांवाची अशी गाडी आणली. सुमारें ३६ लाख रुपये किंमत, अवघ्या २०० गाड्या, २४५ अश्वशक्तीचें एंजिन, आणि शंभराचा वेग ६.६ सेकंदांत, असें कंपनीचें सांगणें होतें. तिच्या समोर मारुतीची वॅगन आर ठेवावी. तिच्या १.२ लिटरच्या एंजिनाला सुमारें ९० अश्वशक्ति आहे. तिला शंभर गांठावयास हिशेबापुरते १३ सेकंद धरले, तर तिच्यावर अन्याय होणार नाहीं.

एकाच सांगाड्यावर एक चपळ आणि एक संसारी अशी जोडी काढण्याची रीत मात्र नवी नाहीं, आणि तिचे धागे कल्याण-डोंबिवलीपर्यंत येऊन पोंचतात. १९५३ सालीं इटलींत फियाट कंपनीनें '११००' ही नवी गाडी काढली. तिचें एंजिन ३६ अश्वशक्तीचें होतें. त्याच वर्षीं त्याच गाडीची 'टीव्ही' नांवाची चपळ आवृत्ति निघाली. टीव्ही म्हणजे 'तुरिझ्मो वेलोचे', वेगवान प्रवासी गाडी. तिचें एंजिन तेवढ्याच आकाराचें, पण सुमारें ५० अश्वशक्तीचें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्याच्या कारखान्यांत १९५४पासून फियाट ११००ची जुळणी सुरू केली. वालचंदांच्या कंपनीनें निवडली ती संसारी शाखा. १९७०नंतरच्या दशकांत तिलाच प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन, चाळीसच्या घरांतील अश्वशक्ति, आणि नऊशे किलोंच्या आसपास वजन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर होती. तिचा प्रवेग कोणीं मोजला नाहीं. तिनें आयुष्यांत किती बाळंतिणी वेळेवर रुग्णालयांत पोंचविल्या हेंहि कोणीं मोजलें नाहीं.

पुढें डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावरील प्रीमियरच्या कारखान्यांत १९९४नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारींत प्यूजो ३०९ ही गाडी तयार होऊं लागली. युरोपांत या ३०९चें जीटीआय नांवाचें चपळ भावंड होतें, त्याला १.९ लिटरचें १३० अश्वशक्तीचें एंजिन होतें. डोंबिवलीच्या कारखान्यांतून निघाली ती बेताच्या एंजिनाची घरगुती गाडी. तें उत्पादन तीन-चार वर्षांतच थांबलें. आज त्या परिसरांत 'प्रीमियर ग्राउंड' एवढें नांव लोकांच्या तोंडीं उरलें आहे. तात्पर्य, सांगाडा एकच असतां कारखानदारानें एकदां चपळाई आणि एकदां काटकसर विकावी, हा व्यवहार जुना आहे. फरक एवढाच पडला आहे, कीं १९५३ सालच्या त्या चपळ गाडीला आजची साधी संसारी गाडी सहज मागें टाकील.

चपळाई येते कोठून? पुष्कळांची समजूत अशी, कीं मोठें एंजिन म्हणजे चपळ गाडी. परंतु एंजिनाला जें ओझें ओढावयाचें असतें, त्याच्याशीं त्याच्या शक्तीचें प्रमाण काय, हा खरा प्रश्न आहे. ऑक्टाव्हियाचें वजन साधारण दीड टन धरलें, तर तिच्या दर टनामागें १६३ अश्वशक्ति येतात. वॅगन आरचें वजन सुमारें ८३० किलो. तिच्या दर टनामागें १०८ येतात. या हिशेबानें संसारी गाडी वाटते तितकी दुबळी नाहीं. पण गाडींत आतां घरचीं माणसें बसवावीं. आईवडील, दोन मुलें, आजी आणि गणपतीला गांवीं न्यावयाचें सामान, मिळून ३०० किलो धरावे. ऑक्टाव्हियाचें प्रमाण १६३वरून १३६वर येतें. म्हणजे सहावा हिस्सा गेला. वॅगन आरचें १०८वरून ८०वर येतें; म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक गेला. १३ सेकंदांच्या जागीं सतरा-अठरा सेकंद लागूं लागतात. त्यांत गाडी थंड ठेवणारें यंत्र चालू असलें, तर तें एंजिनाची कांहीं अश्वशक्ति आपल्याकडे ओढतें. मोठ्या एंजिनाला तो कर जाणवत नाहीं, लहानाला जाणवतो. जाहिरातींतील आंकडा हा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, आणि संसारी गाडी सहसा रिकामी नसते.

दुसरी अट चाकांच्या पकडीची. एंजिनानें कितीहि जोर लावला, तरी टायर आणि रस्ता यांतील घर्षण जेवढें, तेवढाच जोर कामीं येतो. या दोन्ही गाड्यांत एंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. कोरड्या रस्त्यावर पकड चांगली असते. ओल्या रस्त्यावर ती पुष्कळ घटते, आणि मग चपळ गाडीचा प्रवेग सेकंदाला चार मीटरांवरून तिनाच्या आसपास उतरतो. त्याहून अधिक जोर दिला तर चाकें जागच्या जागीं घसरतात, अथवा गाडींतील नियामक यंत्रणा एंजिनाला आंवरते. संसारी गाडीला सेकंदाला दोन मीटरच हवे असतात. ते तिला पावसांतहि मिळतात. कोंकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यांत या दोघींमधील अंतर आकाशच कमी करून टाकतें.

आतां ठाण्याहून कल्याणकडे निघावें. कळवा, मुंब्रा, शीळफाटा आणि डोंबिवलीवरून जाणारा हा रस्ता चोवीस-पंचवीस किलोमीटरांचा. सिग्नल, चौक, रिक्षांचे थांबे आणि रुंदीकरणाचीं कामें धरून वाटेंत ३० वेळां पूर्ण थांबावें लागलें असें समजावें. प्रत्येक वेळीं पुन्हां निघून ताशीं ५० किलोमीटरांचा वेग गांठावयाचा. चपळ गाडीला त्यासाठीं ३ सेकंद लागतात, संसारी गाडीला ५. फरक दोन सेकंदांचा दिसतो. परंतु वेग वाढत असतांनाहि गाडी पुढें सरकतच असते, आणि त्या काळांतला तिचा सरासरी वेग निम्मा असतो. म्हणून प्रत्यक्षांत वांचणारा वेळ दोन सेकंद नसून एकच सेकंद. तीस थांब्यांचे तीस सेकंद. म्हणजे जास्तीची सर्व अश्वशक्ति आणि जास्तीचे सर्व लाख खर्चून, समोरचा रस्ता दर वेळीं मोकळा मिळालाच, तर कल्याणास अर्धा मिनिट आधीं पोंचतां येतें. तो अर्धा मिनिट शीळफाट्यावरचा एक अवजड ट्रेलर वळण घेतां घेतां परत घेऊन टाकतो.

तर मग प्रवेगाला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, आणि ती कोठें आहे हें ओळखणें हाच या विषयाचा गाभा आहे. माजिवड्याला मुंबई-नाशिक महामार्गाच्या प्रवाहांत शिरतांना मागून ट्रक येत असतात. तेथें त्यांच्या वेगाशीं आपला वेग लवकर जुळवितां आला, तर धोका टळतो. कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जातांना जेथें जाण्यायेण्याचा रस्ता एकच असतो, तेथें पुढच्या टेंपोला ओलांडणें ही खरी परीक्षा. टेंपो ताशीं ५० किलोमीटरांनीं चालला आहे. त्याच्या मागून निघून, त्याची लांबी आणि मागचें-पुढचें सुरक्षित अंतर धरून, त्याच्यापेक्षां ४० मीटर अधिक चालावें लागेल. समोरून येणारी गाडीहि ५०नेंच येत आहे. चपळ मोटारीचा या टप्प्यांतील प्रवेग सेकंदाला तीन मीटर धरला, तर तिला सुमारें सव्वापांच सेकंद लागतात, आणि समोर १८३ मीटर रस्ता मोकळा असावा लागतो. संसारी गाडी रिकामी असली आणि तिचा प्रवेग दीड मीटर धरला, तर सात सेकंदांहून अधिक वेळ आणि २४३ मीटर. तीच गाडी माणसांनीं भरलेली असली, तर साडेआठ सेकंद आणि २७७ मीटर. हा जवळजवळ शंभर मीटरांचा फरक म्हणजे प्रवेगाची खरी किंमत. ज्याच्या गाडींत तो नाहीं, त्यानें ओलांडण्याचा मोह आंवरावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूहि आहे. टेंपो ओलांडून होईपर्यंत संसारी गाडीचा वेग ताशीं ८९वर जातो, तर चपळ गाडीचा १०६वर. मुरबाड रस्त्यावर १०६चा वेग ठेवून पुढच्या वळणाला सामोरें जावयाचें, कीं तो ताबडतोब उतरवावयाचा, हें एंजिन ठरवीत नाहीं.

प्रवेगाचें सार्थक पाहावयाचें असेल, तर तें या टापूंत रस्त्यावर पाहूं नये. तें रुळांवर पाहावें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली, तेव्हां ती वाफेची होती. १९२५ सालापासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांचा मोठा गुण कमाल वेगाचा नव्हता. स्थानकावरून चटकन निघण्याचा होता. ठाण्याहून कल्याणला धीम्या गाडीनें जातांना कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशीं स्थानकें लागतात. सुमारें २० किलोमीटरांत सात वेळां नव्यानें निघावें लागतें. नव्या लोकलचा प्रवेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे आपल्या संसारी मोटारीच्याहि चौथ्या हिश्श्याइतकाच. त्याहून फार अधिक करतांहि येत नाहीं, कारण डब्यांत उभीं असलेलीं माणसें एकमेकांच्या अंगावर कोसळतील. तरी समजा, हा अर्धा मीटर न मिळतां पाव मीटरच मिळाला असता, तर ताशीं ७२ किलोमीटरांचा वेग गांठतांना प्रत्येक स्थानकामागें २० सेकंद अधिक गेले असते. सात स्थानकांवर १४० सेकंद. एका गाडींत तीन हजार माणसें धरलीं, तर एका फेरींत माणसांचे मिळून ११६ तासांहून अधिक वाया गेले असते. मोटारीचा मोठा प्रवेग एका माणसाचा अर्धा मिनिट वांचवितो. लोकलचा लहानसा प्रवेग एका खेपेंत शंभराहून अधिक तासांचा हिशेब करतो. सार्वजनिक वाहनांतील सुधारणेचें मोल खाजगी गाडीच्या जाहिरातीएवढें डोळ्यांत भरत नाहीं, म्हणून तें मुद्दाम सांगावें लागतें.

आतां प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग. वेग मिळविणें म्हणजे कर्ज काढण्यासारखें आहे. जेवढी ऊर्जा पेट्रोल जाळून गाडीला दिली, तेवढी थांबतांना ब्रेकांच्या मार्गें, उष्णतेच्या रूपानें, फेडावीच लागते. आणि वेळेवर फेडली नाहीं, तर समोरचें झाड, भिंत किंवा माणूस ती वसूल करून घेतें. ताशीं १०० किलोमीटरांनीं धांवणाऱ्या गाडींत जी ऊर्जा असते, ती तीच गाडी सुमारें ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे तेरा मजल्यांच्या इमारतीवरून, खालीं सोडली असतां येणाऱ्या ऊर्जेइतकी असते. ताशीं ५० किलोमीटरांना ती उंची दहा मीटरांच्या आंत, म्हणजे तीन मजल्यांची. वेग दुप्पट झाला, पण मजले चौपट झाले. कर्जाचा हा चक्रवाढ स्वभाव शाळेंत सर्वांनीं शिकलेला असतो. स्टिअरिंगमागें बसल्यावर तो आठवत नाहीं.

सुदैवानें ब्रेकांच्या बाबतींत गरीब-श्रीमंत हा भेद फारसा नाहीं. एक टन वजनाची संसारी गाडी कोरड्या रस्त्यावर १००च्या वेगावरून साडेतीन सेकंदांत थांबते. म्हणजे तिचे ब्रेक त्या काळांत सरासरी १५० अश्वशक्तीचें काम करतात. तिचें एंजिन ९० अश्वशक्तीचें. प्रत्येक चांगल्या गाडीचे ब्रेक तिच्या एंजिनाहून बलवान असतात, आणि तेंच योग्य आहे. चपळ गाडीचे ब्रेक अधिक मोठे असतात, कारण तिचें वजन आणि वेग अधिक असतो. परंतु टायरची पकड दोघींचीहि जवळजवळ सारखी असल्यामुळें थांबण्याचें अंतरहि जवळजवळ सारखेंच राहतें. निघण्यांत दुपटीचा फरक आणि थांबण्यांत फरक जवळजवळ शून्य, या विषमतेंतच धोका दडलेला आहे.

तो आंकड्यांनीं पाहावा. चालकानें धोका पाहिला, मेंदूनें तो जाणला आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या सेकंदांत गाडी आधींच्याच वेगानें धांवत असते. मानपाड्यासारख्या गजबजलेल्या रस्त्यावर ३० मीटर पुढें एक मूल चेंडूमागें धांवत आलें असें समजावें. गाडीचा वेग ताशीं ५० असेल, तर ती २६ मीटरांवर उभी राहते. मूल वांचलें, चेंडूहि वांचला. वेग ६० असेल, तर पूर्ण थांबावयास ३४ मीटर लागतात. ३० मीटरांवर, जेथें तें मूल उभें आहे, तेथें गाडीचा वेग अजून ताशीं २९ किलोमीटर असतो. केवळ दहांचा फरक, आणि एकीकडे कांहींच घडलें नाहीं, तर दुसरीकडे एका घराचें आयुष्य बदललें. आतां विचारावें, कीं ५०वरून ६०वर जावयास गाडीला किती वेळ लागतो? पाय पूर्ण दाबला तर संसारी गाडीला सव्वा ते दीड सेकंद; चपळ गाडीला एक सेकंदाहून कमी. म्हणजे चालकाच्या मनाला सावध होण्यास जेवढा अवधि लागतो, त्याच्या आंतच चपळ गाडी सुरक्षिततेची सीमा ओलांडून पलीकडे गेलेली असते. संसारी गाडी मात्र आपल्या चालकाला विचार बदलण्याइतकी सवड देते. जिला आपण मंदपणा म्हणतों, ती पुष्कळदां ही सवडच असते.

हा इशारा केवळ ३६ लाखांच्या गाडीच्या मालकापुरता राहिला नाहीं. विजेच्या मोटारी आल्यापासून चपळाई स्वस्त झाली आहे. पेट्रोलच्या एंजिनाला पुरा जोर येण्यासाठीं आधीं फेरे वाढवावे लागतात. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच जोर देते. पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० सालीं बाजारांत आली, तेव्हां ती १०० किलोमीटरांचा वेग ९.९ सेकंदांत गांठते, असें कंपनीनें जाहीर केलें. ही खेळाडूंची गाडी नव्हे. मुलांना शाळेंत सोडणारी आणि भाजी आणणारी गाडी आहे. पूर्वी ज्या चपळाईसाठीं निराळी गाडी घ्यावी लागे, ती आतां न मागतां पदरांत पडते. शिवाय ती आवाज करीत नाहीं. जुन्या गाडींत एंजिनाचा आवाज चढला कीं वेग चढल्याचें कानाला कळे. येथें कान गप्प राहतो आणि कांटा पुढें गेलेला असतो.

मग गाडी निवडतांना कोणती दृष्टि ठेवावी? शून्य ते शंभरचा आंकडा बाजूला ठेवून, ताशीं ४० ते ८० या टप्प्यांत गाडी कशी उचलते तें पाहावें, कारण महामार्गावर शिरणें आणि टेंपो ओलांडणें याच टप्प्यांत घडतें. चांचणीच्या फेरीला एकट्यानें जाऊं नये. घरांतील सर्व माणसें बसवावीं, थंड हवेचें यंत्र चालू करावें, आणि मुंब्रा बायपाससारख्या चढावर गाडी न्यावी. रिकाम्या गाडीनें सपाट रस्त्यावर दिलेली साक्ष ग्राह्य धरूं नये. जी गाडी भरल्या घरानिशीं चढावर धांपा टाकते, ती काटकसरीची असली तरी घेऊं नये. तशी गाडी घेऊन माळशेजच्या वाटेला लागणें हेंहि साहसच. परंतु जी गाडी एवढें काम बेतानें करते, तिच्यापुढें आणखी शंभर-दीडशें अश्वशक्तीसाठीं पैसे मोजण्यापूर्वीं, त्या शक्ति वर्षांतून किती दिवस आणि कोणत्या रस्त्यावर कामीं येणार, हें कागदावर मांडून पाहावें. त्याच पैशांतून उत्तम टायर, अधिक हवेच्या सुरक्षा पिशव्या आणि चाकें अडकूं न देणारे चांगले ब्रेक मिळत असतील, तर तो सौदा शहाणपणाचा.

आणि घरांत विजेची अथवा दुसरी कोणतीहि चपळ गाडी आलीच, तर एक साधी व्यवस्था करावी. पुष्कळ नव्या गाड्यांत प्रवेग सौम्य ठेवण्याची सोय असते. एक कळ फिरविली, कीं पाय दाबला तरी गाडी एकदम उसळत नाहीं. घरांतील ज्या तरुण मुलानें अथवा मुलीनें नुकताच परवाना मिळविला असेल, त्यांनीं पहिले सहा महिने गाडी याच सौम्य सोयीवर चालवावी, असा घरचा नियम असावा. त्यानें कल्याणला पोंचावयास कदाचित् अर्धा मिनिट उशीर होईल.